शेततळ्यातली लाट

सुदर्शनला तेवीस मुलींनी नकार दिला होता, आणि चोविसावीसमोर तो खोटं बोलला. आधीच्या तेवीसजणींशी तो अगदी खरं बोलला होता, हे त्याच्या बाजूनं आधीच सांगून ठेवलेलं बरं. चितेगावच्या कंपनीत स्टोअरला आहे, नोकरी पक्की आहे, संभाजीनगरात गारखेड्याला गच्चीसकट दोन खोल्या आहेत, देवगाव रंगारीला वडिलांची शेती आणि शेततळं आहे, पुण्याला जायचा विचार नाही. हे शेवटचं वाक्य आलं की समोरची मुलगी चहाचा कप खाली ठेवायची, आणि चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन यायचा की पत्रिका जुळत नाही.

खरं तर हे खोटंही मुळात त्याचं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ सत्यम टी. व्ही. सेंटर भागात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. लग्नाचे बायोडाटे करून देणं हा त्याचा जोडधंदा. सत्यमच्या मते दोष मुलात नव्हता, छंदात होता. "वाचन, क्रिकेट, प्रवास. अरे, हे तर सगळेच लिव्हतात. पोरीनं काय बघून थांबावं?" असं म्हणून त्यानं सुदर्शनला न विचारता ती ओळ पुसली आणि तिथं लिहिलं: 'छंद: सर्फिंग, म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहणे.' वर गणपतीचं चित्र होतंच.

त्या बायोडाट्यावर कन्नडहून बोलावणं आलं. मुलीचं नाव मोनिका. तिथल्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायची, म्हणजे रोज सकाळी पन्नास माणसांच्या शिरा शोधून काढायची. तिच्या बायोडाट्यात छंदापुढं लिहिलं होतं, 'वेळ मिळत नाही.' सुदर्शननं ती ओळ तीनदा वाचली आणि फोटो बघायच्या आधीच तो तिच्यावर भाळला. इतकं सरळ लिहिणारी मुलगी आपल्याला मिळावी असं त्याला मनापासून वाटलं. आधीच्या तेविसांपैकी एकीच्याही बाबतीत त्याला असं वाटलं नव्हतं.

पोहे झाले, आणि दोघांना बोलायला म्हणून वरच्या खोलीत दहा मिनिटं मिळाली. मोनिकानं पगार विचारला नाही, पुणं विचारलं नाही.

"लाट अंगावर येते तेव्हा भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

सुदर्शननं आयुष्यात बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे जायकवाडीचं धरण. तेही सहावीच्या सहलीत, बांधावरून, हातात मसालेभाताचा द्रोण घेऊन. खरं सांगायला एवढीच वेळ होती. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाटती ना. पण उभं ऱ्हावं लागतं."

"मी अजून समुद्रच बघितला नाही," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षांची झाले. आमच्या घरात कुणीच बघितला नाही. आठ दिवसांनी रविवारी देवगावला घर बघायला येऊ ना, तेव्हा ती फळी दाखवा. शेतीबितीतलं मला काय कळत नाही, ते मामा बघतील. मी फळी बघते."

"या की," सुदर्शन म्हणाला.

कन्नडहून परत येताना एसटीत त्यानं सत्यमला फोन करून इतक्या शिव्या दिल्या की पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी पदर कानावर घेतला. सगळं ऐकून घेऊन सत्यम म्हणाला, "झालं का? मग आता फळी कुठनं आणायची ते बोल."

फळीही त्यानंच शोधली, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पैठण रोडवर एकानं गोव्याच्या धर्तीवर ढाबा काढला होता. अंगणात वाळू, गवताच्या छत्र्या आणि भिंतीवर गोव्याहून आणलेली खरीखुरी सर्फिंगची फळी. भाकरीत वाळू येते म्हणून गिऱ्हाईक तुटलं, ढाबा बंद पडला आणि सगळं सामान खलीलभाईच्या भंगारात गेलं. तिथं ती फळी पत्र्याच्या कूलरांना टेकून उभी होती.

"क्या मालूम क्या चीज है," खलीलभाई म्हणाले. "एक बोला इस्त्री का टेबल है. एक बोला मय्यत का तख्ता है. तुमकू काय के वास्ते होना?"

"शादी के वास्ते," सुदर्शन म्हणाला. कन्नडहून आल्यापासून तो बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

खलीलभाईंनी घासाघीस न करता फळी देऊन टाकली.

फळीची अवस्था बघण्यासारखी होती. लांबीला सात फूट. भिंतीवर ठोकताना तिला चार बोल्ट आरपार मारलेले. नाक फुटून आतला थर्माकोल दिसत होता. पाठीवर परातीएवढा खड्डा. खाली शेपटाशी माशासारखे तीन पर असायला हवेत, त्यातला एक गायब. आणि पोटावर ऑइलपेंटनं ठळक अक्षरांत लिहिलेलं: शेवभाजी, काळं मटण, दाल तडका. भोकांतून पाणी जाऊन जाऊन ती आतून भिजलेलीही होती. उभी केली की शेपटातून थेंब थेंब गळायची.

सुदर्शननं जन्मात काही दुरुस्त केलं नव्हतं. कंपनीत त्याचं काम दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायचं. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात पिवळ्या केसांचा एक अनवाणी माणूस हसत हसत फळी दुरुस्त करत होता. त्याचं बोलणं एका अक्षरानं कळेना, तेव्हा सुदर्शननं आवाज बंद केला आणि नुसते हात बघितले. आधी फळी वाळवायची, एवढं समजलं. पडद्यावर कॅलेंडर दाखवलं होतं, त्यावरून वाळायला दोन आठवडे लागतात हेही समजलं. पण तो माणूस कुठल्यातरी गार गावचा असणार. इथं मे महिना चालू होता. गारखेड्याच्या गच्चीवर फळी एका दुपारीत ठणठणीत वाळली. वाळली आणि चार वाजता पाठीवर भाकरीसारखी टम्म फुगली. आशाबाई, म्हणजे सुदर्शनच्या आई, पाणी द्यायला वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पापुद्रा तर झकास सुटला." त्यांना खरोखरच कौतुक वाटलं होतं.

फुगा चिरून, आत डिंक भरून सुदर्शननं त्यावर घरातला पाटा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी फळी घेऊन चितेगावात मोतीरामकडं गेला. मोतीराम फायबरचा माणूस. पाण्याच्या टाक्या, कूलरचे टब, ट्रॅव्हल्सचे बंपर, जे फुटेल ते तो सांधतो. त्यानं फळी उलटी केली, मेनू वाचला आणि म्हणाला, "फायबर म्हंजे फायबर. टाकी काय अन् फळी काय. धरा इकडनं."

त्यानं टाकीला लावतात ते रेझिन डब्यात कालवलं आणि फुटक्या नाकात ओतलं. आधी नुसता सुर्रर्र आवाज आला. मग वास आला. मग दोघांच्या डोळ्यांदेखत नाकातला थर्माकोल विरघळायला लागला आणि आत, आणखी आत जात राहिला.

"हे तर खाऊ राहिलं!" सुदर्शन ओरडला.

"खाऊ द्या," मोतीराम शांतपणे म्हणाला. वीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची पाळी त्याच्यावर आली नव्हती आणि आजही त्याची ती तयारी नव्हती. "आतून पोकळ झाली म्हंजे हलकी झाली. तुमचाच फायदा हाय."

रेझिन खायचं थांबलं तेव्हा नाकाच्या जागी कोपरापर्यंत हात जाईल अशी गुहा झाली होती. मोतीरामनं मात्र मन मोठं केलं. कूलरच्या जुन्या बॉडीतून त्यानं तिसरा पर कापून दिला. त्यावर कंपनीच्या नावातला 'कू' तेवढा शिल्लक राहिला.

त्या संध्याकाळी सुदर्शनला रडू येईल असं वाटलं. रविवारला चार दिवस उरले होते. मोनिकाला फोन करून सांगून टाकावं, असं त्यानं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा नंबर काढून तसाच बसून राहिला. मग उठून तो पुन्हा त्या पिवळ्या केसांच्या माणसाचे हात बघायला लागला. या वेळी मात्र सावकाश, थांबवून थांबवून. रेझिन वेगळं लागतं, दोन डब्यांतलं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं ते आणलं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल काढून त्यानं गुहेत एकेक तुकडा बसवला, हॅक्सॉच्या पात्यानं नाकाला आकार दिला आणि पॉलिश पेपरनं घासत बसला. बोल्टची भोकं बुजवली, पोटावरचा मेनू घासून काढला. खड्ड्यावर कापड बसवलं. अंगठ्यानं चाचपून कुठं उंचवटा राहिला ते त्याला कळायला लागलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. बुधवारी रात्रीचं जेवण तो विसरला. कशासाठी घासतोय तेही तो मध्ये मध्ये विसरत होता. त्याला फार बरं वाटत होतं.

गुरुवारी पहाटे त्यानं गच्चीवर चार विटांवर फळी ठेवली आणि अख्ख्या पाठीवर रेझिनचा चकचकीत हात दिला. सकाळची शिफ्ट होती. हात पुसून तो कंपनीत गेला.

आता आशाबाईंची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्यांनी तीन दिवस गहू भिजत घातले होते, चीक काढला होता, आणि त्याच पहाटे तो शिजवला होता. चिकाचं पातेलं घेऊन त्या गच्चीवर आल्या तर समोर सात फूट लांबीची, गुळगुळीत, तेल लावून ठेवलेली फळी, विटांवर उंच, मुंग्या चढणार नाहीत अशी. बत्तीस वर्षांत पोरानं वाळवणाला हात लावला नव्हता. आशाबाईंना भरून आलं. सोऱ्या काढून त्यांनी फळीभर कुरडया घातल्या.

सुदर्शन दुपारी आला तेव्हा ऊन चटचटत होतं आणि एकोणीस कुरडया फळीवर रांगेत बसलेल्या होत्या.

"आई, हे काय केलं?"

"काय म्हंजे? कुरडया. तूच तेल लावून ठिवली व्हती ना माझ्यासाठी? मी खालच्या सुरेखालाबी बोलावून दावलं. म्हनलं, लगीन ठरायच्या आधीच सुधरलं माझं पोरगं."

त्यानं एक कुरडई स्क्रूड्रायव्हरनं उचकटून बघितली, ती फळीचा टवका घेऊनच वर आली. टवका परत चिकटवून त्यानं मोतीरामला फोन केला. मोतीरामनं विचार करून सांगितलं, "आता वरून अजून एक हात मारा. कुरडई जन्मात निघणार न्हाई." सुदर्शननं तसंच केलं. काच बसवल्यासारख्या एकोणीस कुरडया आत कायमच्या बंद झाल्या. आशाबाई दोन दिवस हळहळत होत्या, कारण यंदाचा गहू लई चांगला होता.

शनिवारी फळी देवगावला न्यायची होती. एसटीवाल्यांनी नाही म्हटलं, म्हणून ती जीपच्या टपावर बांधली. धूळ बसू नये म्हणून आशाबाईंनी तिच्यावर पांढरी चादर घातली आणि ती सुतळीनं तीन जागी आवळली. दौलताबाद सोडल्यापासून रस्त्यावरची माणसं जीप बघून थांबत होती, टोप्या काढत होती, हात जोडत होती. एका फाट्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी पुढं होऊन वाट मोकळी करून दिली. आशाबाई खिडकीतून प्रत्येकाला परत नमस्कार करत होत्या. त्यांना वाटलं, पोराच्या स्थळाची बातमी पुढं गेली असावी.

रविवारी दुपारी कन्नडचे पाव्हणे आले. अकरा माणसं होती आणि त्यांच्या पुढं मोनिकाचे मामा अप्पाराव. अप्पारावांनी आयुष्यात चाळीसेक बैल घेतले होते आणि नऊ भाच्यांची लग्नं लावली होती, आणि दोन्हीकडं त्यांची बघायची पद्धत एकच होती. त्यांनी विहीर बघितली, माती चोळून बघितली, गोठ्यात गेले. मग अंगणात बाजेवर ठेवलेल्या फळीपाशी येऊन थांबले.

आधी त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. नाकाडावरून हात फिरवला. पाठीवर थाप मारून कान लावला. शेपूट उचलून खालचे तिन्ही पर हलवून बघितले आणि 'कू' वाचला.

"किती वर्साची?"

"सात-आठ असंल," सुदर्शन म्हणाला.

"कोन्या बाजूनं वढती?"

"सरळ चालती, मामा," सत्यम मध्येच म्हणाला. देवगावात तो आदल्या दिवसापासूनच हजर होता आणि गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

अप्पारावांची बोटं कुरडयांवर थांबली. "अन् हे काय?"

"पकड हाय ती. पाय सरकू नये म्हनून," सत्यमनं ठोकून दिलं.

अप्पारावांनी पायताण काढलं, फळी जमिनीवर ठेवायला लावली आणि तिच्यावर उभे राहिले. पुढं झुकले, मागं झुकले. "पकड एक नंबर हाय," त्यांनी पाव्हण्यांना सांगितलं. पाव्हण्यांनी माना डोलावल्या.

मोनिका वाकून बघत होती. बराच वेळ बघून ती हळूच सुदर्शनला म्हणाली, "कुरडई आहे ही."

"व्हय."

"समुद्रात कुरडई?"

सुदर्शन काही बोलणार, तेवढ्यात अप्पाराव म्हणाले, "मंग आता चालवून दावा."

"इथं कुठं चालवता, मामा? त्याला पाणी लागतं," सत्यम म्हणाला, आणि तिथंच चुकला. कारण सुदर्शनचे वडील सांडूनाना सकाळपासून याच शब्दाची वाट बघत होते. मे महिन्यात देवगावात पाणी दाखवता येणं ही केवढी गोष्ट आहे, ते कन्नडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पानी?" नाना म्हणाले. "शेततळं दोन पुरुस भरलेलं हाय. चला."

सगळी वरात शेततळ्यावर गेली. नानांना एकच काळजी होती, ती कागदाची. शेततळ्याच्या तळाला जो जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो तो फाटला की पाणी जमिनीत जातं. फळीच्या धारदार परांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी घरातून पायमोजे मागवले आणि तिन्ही परांना एकेक घालून वरून सुतळी बांधली.

सुदर्शनला पोहता येत नव्हतं. हेही सांगायला आता उशीर झाला होता. तळ्याच्या आरपार एक दोर बांधलेला होता, कुणी घसरून पडलं तर धरायला. तो दोन्ही हातांनी धरून, नव्या पँटीच्या घड्या गुडघ्यापर्यंत घालून, तो फळीवर बसला आणि दोराच्या आधारानं सरकत सरकत मध्यावर गेला. फळी तरंगत होती. त्यानं बुजवलेल्या एकाही भोकातून बुडबुडा येत नव्हता. एवढ्या धाकधुकीतही त्याला त्याचा अभिमान वाटला. मग तो उभा राहिला.

उभा राहिला आणि शांतपणे खाली जायला लागला.

या फळ्यांना जोरानं पुढं नेणारं पाणी लागतं. थांबलेल्या पाण्यात एवढीशी फळी धडधाकट माणसाला उभं पेलत नाही. हे व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं असेलही, पण आवाज बंद होता. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मांड्यांना लागलं. सुदर्शन दोर धरून ताठ उभा होता. पाणी कमरेला आलं, आणि तिथं तो थांबला.

"बुडला का?" पाव्हण्यांतल्या कुणीतरी विचारलं.

"न्हाई, थांबला," अप्पाराव म्हणाले. "आता?"

"आता लाट लागती," सत्यम म्हणाला.

"येवढंच ना?"

आधी नानांनी मोटर चालू करून पाहिली, म्हणजे पाइपातून पाणी जोरात पडलं असतं. लाइट नव्हती. मग अप्पारावांनी सूत्रं हातात घेतली. घमेली आली, बादल्या आल्या, खोरी आली. मुलाकडचे एका काठावर, मुलीकडचे समोरच्या. "येक, दोन, हाना!" सगळ्यांनी मिळून पाणी ढकललं. दोन्हीकडून दोन लाटा निघाल्या, मध्यावर एकमेकींवर आपटल्या आणि जिरून गेल्या. कुणाकडचं पाणी चुकलं यावर थोडी बोलाचाली झाली. कुणीतरी मान-अपमानाचं काढलं. शेवटी, लाट मुलाची असल्यामुळं सगळ्यांनी मुलाच्याच बाजूनं हाणायचं, असा तोडगा निघाला आणि पाव्हणे बांधावरून चालत अलीकडं आले. मोनिका तेवढी पलीकडं एकटी राहिली.

"येक, दोन, हाना!"

या वेळी लाट झाली. वीतभर उंच असेल, पण लाट होती. ती सुदर्शनला छातीपर्यंत भिजवून पुढं गेली. बांधावर टाळ्या पडल्या. सुदर्शननं मागं वळून बघितलं. त्याची आई, गुडघे आखडलेले असताना, पाण्याच्या कडेला उकिडवी बसून घरातल्या मोठ्या परातीनं पाणी लोटत होती. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं. पोराला लाट कमी पडू नये म्हणून ती जीव काढत होती. ते काही सुदर्शनला बघवलं नाही.

"आई, ऱ्हाऊ दे!" तो ओरडला. "मला येत न्हाई हे!"

"थांब रं, व्हऊ राहिली लाट," अप्पाराव म्हणाले.

"मामा, मला येतच न्हाई! म्या समुद्र बघितलेलाबी न्हाई! बायोडाट्यात खोटं लिव्हलंय!"

"ते मागनं सांगा! आधी लाट घ्या! येक, दोन..."

कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच लाट तयार करत होते सगळे. समोरच्या काठावरून मोनिकाचा आवाज तेवढा आला.

"मग फळी कुणाची आहे?"

"ढाब्याची," सुदर्शन म्हणाला. "भंगारातून आणली."

"नीट कुणी केली?"

"म्या केली. नाक पार गेलं व्हतं. चार भोकं व्हती आरपार. येत नव्हतं, पण केली. कुरडया आईच्या हायेत, ती चूक झाली."

"आणि भीती वाटली तरी उभं राहावं लागतं, ते?"

"ते... ते तुमच्याकडं बघून तोंडातून गेलं."

"आत्ता वाटती का भीती?"

"लई," सुदर्शन म्हणाला. "पोहता येत न्हाई मला." आणि त्याला पाण्याची जेवढी भीती वाटत होती, त्याहून जास्त ती आता काय म्हणेल याची वाटत होती.

मोनिकानं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. "मामा! थांबा!"

घमेली थांबली. पाणी थांबायला आणखी थोडा वेळ लागला.

"मुलगा खोटं बोलला," मोनिका म्हणाली. "त्याला सर्फिंग येत नाही. समुद्रही बघितला नाही त्यानं."

आशाबाईंच्या हातातली परात खाली आली. त्यांनी एकदा पोराकडं आणि एकदा पोरीकडं बघितलं, आणि चोविसावा नकार ऐकायची तयारी केली. सुदर्शननं दोर घट्ट धरला.

"याच्या आधी सात जण मला बघून गेले," मोनिका पुढं म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एकानं दारूला शिवत नाही म्हणून सांगितलं. एकानं पुण्यातला फ्लॅट सांगितला. सगळं पार गळ्याशी आलं तरी एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही, मामा. हा कमरेला पाणी लागल्याबरोबर बोलला. मला पसंत आहे."

मग अप्पारावांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सव्वाचार झाले! साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत टोपी-टॉवेल देऊन सोयरीक पक्की करू, कुठंय टोपी-टॉवेल? नवरदेव, या भायेर लवकर!"

पण सुदर्शनला बाहेर येता येईना. वळलं की फळी डुलायची, दोर धरून सरकलं की ती पायाखालून निसटायची, खाली बसावं तर पाणी नाकाशी यायचं, आणि कडेचा कागद शेवाळानं इतका निसरडा होता की आत उतरणारा दुसराही अडकला असता. ट्रॅक्टरची ट्यूब आणायला सत्यम गावाकडं पळाला, पण तो साडेचारच्या आत येणार नव्हता. अप्पारावांनी टॉवेल गुंडाळून फेकला, तो निम्म्यावर पडला आणि बुडाला. टोपी त्यांनी फेकली नाही. नवी, कडक, पांढरी टोपी होती. त्यांनी ती उघडली, वाकून अलगद पाण्यावर ठेवली आणि घमेलं उचललं.

"समदे या. अन् सावकाश हाना. येक, दोन..."

दोन्हीकडच्या माणसांनी एका रांगेत बसून पाणी लोटलं. आशाबाईंनी परात लावली, नानांनी खोरं लावलं. वीतभर लाट उठली आणि टोपीला घेऊन निघाली. मोनिका समोरून ओरडली, "सोडू नका, आली बघा!" टोपी एकदा कलली, सावरली आणि लाटेच्या माथ्यावर सरळ उभी सुदर्शनपर्यंत आली.

सुदर्शननं दोरावरचा एक हात सोडला, टोपी उचलली आणि ओलीच डोक्यावर घातली.